नेत्राच्या उशिराचं कारण

चंडीगड
१९ जुलै २०२३

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल सेक्टर १७ च्या मोठ्या पोस्टात जाऊन घेतलं. नेत्राला आमच्याच संस्थेत पीएच.डी.ला जागा मिळाली, आनंद झाला. खरं तर निवडयादी माझ्याच टेबलावरून पुढे जाते, त्यामुळे 'खंडारे नेत्रा दामोदर' हे नाव मी तुझ्या पत्राच्या आधी वाचलं होतं. तू दहावीनंतर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलास म्हणून मी शिकलो. आता तुझी मुलगी माझ्या पुढे जाईल.

तू लिहिलंस, "पोरगी तुझ्या घरी राहील, मग मले घोर नाही." भाऊ, मनात असूनही ते जमणार नाही. क्वार्टर तीन खोल्यांचं. एका खोलीत सुहासिनीची आई असते, दुसरीत स्वरालीचा अभ्यास, तिचं शेवटचं वर्ष आहे. शिवाय तुला सगळं माहीतच आहे. सुहासिनीला मी लग्नाआधी सांगितलं होतं. तिच्या आईला नाही, स्वरालीलाही नाही. गावाकडे शेतीच्या वाटणीवरून भांडण झालं म्हणून जाणंयेणं नाही, एवढंच घरात माहीत आहे. (आपल्याकडे वाटायला शेती कुठं होती, म्हणून हसू नकोस.) आता सव्वीस वर्षांनंतर एकाएकी पुतणी घरात आली, तर कुणाकुणाला काय सांगू?

पण मी सोय केली आहे. संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर अहिल्याबाई म्हणून एक वयस्क बाई राहतात. इथल्या मराठी मंडळात त्यांचा मान आहे. त्यांच्या मागच्या खोलीत नेत्रा राहील. 'ओळखीच्या गृहस्थांची मुलगी' असं मी सांगितलंय.

आणखी एक. संस्थेत तिनं मला काका म्हणू नये. यात तिचंच भलं आहे. नाहीतर वशिल्यानं आली म्हणतील.

फोन करू नकोस, माझा फोन घरात कुणीही उचलतं. पत्र पूर्वीसारखं मोठ्या पोस्टाच्या पत्त्यावर, 'रिसोडकर' नावानंच टाक.

वहिनींना नमस्कार.

तुझा
विनायक


१० डिसेंबर २०२३

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

नेत्रा चांगली रुळली आहे. अहिल्याबाई तिचं कौतुक करतात. "तुमच्याकडची मुलगी म्हणजे प्रश्नच नाही, खोली आरशासारखी ठेवते," असं मला मंडळाच्या दिवाळी फराळाला म्हणाल्या. मार्गदर्शक डॉ. हर्षवर्धन आहेत, शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलं परदेशात जातात.

दिवाळीत ती घरी येऊन गेली. वहिनींनी पाठवलेल्या करंज्यांचा डबा मिळाला. छान झाल्या होत्या. तिला घाई होती म्हणून फार बसली नाही.

थंडी सुरू झाली आहे. तिला गरम कोट घ्यायला सांगितलंय.

तुझा
विनायक


१२ मे २०२४

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

तू काळजीनं विचारलंस म्हणून लगेच लिहितो. नेत्रानं खोली बदलली हे खरं आहे. अहिल्याबाईंशी तिचं पटलं नाही. म्हातारी माणसं, आवडीनिवडी असतात, आणि नेत्राचा स्वभाव थोडा ताठ आहे, हे तूही मान्य करशील. आता ती हल्लोमाजऱ्यात राहते. शहराच्या कडेचं गाव आहे, खोल्या स्वस्त, पुष्कळ मुलं तिथं राहतात. अंतर जरा जास्त पडतं. आधी शेअर रिक्षा, मग ट्रिब्यून चौकातून बस. तरुण वय आहे, होईल सवय.

मी तिच्यासाठी संस्थेजवळ खोली शोधतोच आहे.

तुझा
विनायक


१८ जानेवारी २०२५

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणं जिवावर आलंय, पण तुला अंधारात ठेवणंही बरं नाही. नेत्राचं कामाकडे लक्ष नाही. रोज उशीर. नऊला अंगठा लावायचा असतो, ही कधी साडेनऊ, कधी दहा. धुकं असतं, बस उशिरा येते, हे कारण एकदोनदा चालतं. हजेरी कमी भरली म्हणून डॉ. हर्षवर्धनांनी फेलोशिपच्या कागदावर सही केलेली नाही, त्यामुळे तिचे पैसे सात महिने अडकलेत. नियम सगळ्यांना सारखे असतात. संध्याकाळी ती मुलांच्या शिकवण्या घेते असं कानावर आलं. संशोधन करणाऱ्यानं शिकवण्या घ्यायच्या नसतात.

वर्षाचा आढावा झाला, त्यात 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा पडला.

तू तिला एक कडक पत्र लिही. तुझं ती ऐकेल. आणि तक्रारबिक्रार करण्याच्या नादाला लागू नको म्हणावं. इथं काही पोरं तिला भरीस घालताहेत.

तुझा
विनायक


२० मे २०२५

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

नेत्रानं तक्रार केलीच. मार्गदर्शक जातीवरून त्रास देतात, प्रयोगशाळेतल्या यंत्रावर वेळ देत नाहीत, सगळ्यांसमोर तिची प्रवेशाची रँक विचारतात, वगैरे. संस्थेनं रीतसर तीन जणांची समिती नेमली. सगळ्यांचं ऐकून घेतलं. आरोपात तथ्य आढळलं नाही. समितीत मी नव्हतो, त्यामुळे फार तपशील माहीत नाही.

तिचं नाव कमी झालं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येकाला झेपतंच असं नाही.

स्वरालीचं जमतंय. मुलगा इंद्रजित, इथल्याच एका मराठी डॉक्टरांचा. अजून कुठं बोलू नकोस.

तुझा
विनायक


२२ जून २०२५

भाऊ, जयभीम.

हा शब्द मी शेवटचा कधी लिहिला ते आठवत नाही. तू प्रत्येक पत्राच्या डोक्यावर लिहितोस आणि मी पत्र वाचून झालं की पहिली ओळ फाडून टाकतो. बाकीचं ठेवतो.

शुक्रवारी नेत्राला मी सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर गाठलं. तिनं मला एक काम सांगितलं. ते करायचं तर पहिल्यापासून लिहावं लागेल, कारण दोन वर्षांत मी तुला लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात खोटं आहे.

दिवाळीचं आधी. तिला घाई नव्हती. नवा ड्रेस घालून, डबा घेऊन ती दारात उभी होती. माझी सासू व्हरांड्यात बसली होती. तिनं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" नेत्रा म्हणाली, "खंडारे." सासू म्हणाली, "खंडारे म्हणजे कोण?" नेत्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "संस्थेतली विद्यार्थिनी आहे, कागद द्यायला आलीय." मग तिच्या हातातून डबा घेतला आणि म्हणालो, "ठीक आहे, सोमवारी ऑफिसात भेटा." 'भेटा' म्हणालो, भाऊ. मला आठवतंय. आणि करंज्या छान झाल्या होत्या की नाही ते मला माहीत नाही. सुहासिनीनं डबा झाडूवालीला दिला. मी बघत होतो.

अहिल्याबाईंचं तर तुला मी उलटंच लिहिलं. चौदा एप्रिलला नेत्रानं खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला, पुढे मेणबत्ती लावली. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला फोन केला. "अहो रिसोडकर, तुम्ही मला बोलला नाहीत ते? माझ्या देवघराची आणि तिच्या खोलीची भिंत एक आहे."

मी म्हणालो, "मलाच माहीत नव्हतं हो. गावाकडच्या कुणी सांगितलं म्हणून पाठवली."

"फसवलं बघा तुम्हाला."

"हो ना," मी म्हणालो. "फसवलंच."

तीन दिवसांत खोली रिकामी करायला लावली. नंतर बाईंनी ती गोमूत्र शिंपडून धुऊन घेतली, हे त्यांनीच हसत मंडळात सांगितलं. मीही हसलो.

त्या तीन दिवसांत नेत्रानं संस्थेच्या आसपासच्या तीन सेक्टरांत खोल्या पाहिल्या. तिच्याबरोबर स्वानंदी म्हणून तिच्याच प्रयोगशाळेतली पुण्याची मुलगी हिंडली. आधी नाव विचारायचे, मग गाव, मग "वैसे आप लोग क्या होते हैं?" एकानं सांगितलं, खोली दुसऱ्याला दिली. पुढल्या आठवड्यात तीच खोली स्वानंदीच्या मैत्रिणीला मिळाली. जे नाव विचारत नव्हते त्यांचं भाडं आणि अनामत हिच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे परवडणारी खोली जातीमुळे मिळेना, आणि जात न विचारणारी पैशामुळे. उरलं हल्लोमाजरा. नाल्याच्या बाजूला, पत्र्याखालची खोली. मी ती पाहिलेली नाही. जवळ खोली शोधतोय असं तुला लिहिलं, पण मी एकाही घराची पायरी चढलो नाही.

माझ्या घरात तेव्हा एक खोली रिकामी होती. स्वराली शेवटच्या सत्राच्या इंटर्नशिपसाठी गुरुग्रामला गेली होती.

आता उशिराचं. हल्लोमाजऱ्यातून नऊला पोचायचं तर साडेसातला निघावं लागतं. हिवाळ्यात धुक्यात रिक्षावाले निघत नाहीत. ती पोचायची तेव्हा यंत्राची वेळ दुसऱ्याला दिलेली असायची. डॉ. हर्षवर्धन सगळ्यांसमोर म्हणायचे, "ये लोग टाइम पे आना कब सीखेंगे?" मग तिला बाटल्यांना लेबलं लावायला बसवायचे, बिलं जमवायला पाठवायचे. यंत्र नाही म्हणून निष्कर्ष नाहीत. निष्कर्ष नाहीत म्हणून 'असमाधानकारक'. हजेरी कमी म्हणून फेलोशिप बंद. फेलोशिप बंद म्हणून शिकवण्या, शिकवण्या म्हणून थकवा, आणि पैसे नाहीत म्हणून हल्लोमाजरा सुटेना. आणि हल्लोमाजऱ्यातून पुन्हा उशीर.

दर महिन्याचा हजेरीचा तक्ता कोण पाठवतं, भाऊ? मी पाठवतो. तिच्या नावासमोरच्या लाल खुणा माझ्या संगणकावरून निघाल्या. 'कारण' असा एक रकाना असतो. तो मी रिकामा ठेवायचो. संपूर्ण संस्थेत त्या रकान्यात काय लिहायचं हे एका मलाच माहीत होतं.

तुला जानेवारीत लिहिलं, तू तिला कडक पत्र लिही. तू लिहिलंस. ते मला बसस्टँडवर कळलं.

आता समितीचं. तुला लिहिलं मी समितीत नव्हतो. मी होतो.

एप्रिलमध्ये संचालकांनी मला बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "रिसोडकर जी, बैठिए. एक छोटी-सी कमिटी है. आपको मेंबर-सेक्रेटरी बनाना है."

मी म्हणालो, "सर, मला प्रशासनाचं काम आहे, दुसऱ्या कुणाला..."

"नहीं नहीं. नियम है. एक मेंबर कॅटेगरी का होना चाहिए. और हमारे यहाँ आपके लेव्हल पर आप ही हैं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते हसले. पुढ्यातली फाइल बोटानं ठोकून म्हणाले, "आपकी सर्व्हिस फाइल में सर्टिफिकेट लगा है ना. खंडारे के नाम का. हम सब कब से जानते हैं. आपने कभी बताया नहीं, हमने भी पूछा नहीं. अच्छा ही है, शांती रहती है."

भाऊ, अठ्ठावीस वर्षं. आडनाव बदललं, बोली बदलली, सासूच्या सोवळ्याचं पाणी भरलं, मुलीला तिचे आजी-आजोबा कोण ते सांगितलं नाही. आणि संस्थेत ज्यांच्यापासून लपवलं त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या मागून आलेले दोघं माझे साहेब कसे झाले, मला एकदाही खरेदी समितीवर का घेतलं नाही, दौऱ्यावर माझ्याबरोबर खोली वाटून घ्यायला कुणी का नसायचं, ते त्या चहाच्या कपासमोर एका मिनिटात कळलं. मी समजत होतो, माझं काम कमी पडतं. मी जास्त काम करायचो.

निघताना ते म्हणाले, "आपकी साइन होगी तो लड़की भी कुछ नहीं बोल पाएगी. और हाँ, आपकी बिटिया की शादी की बात चल रही है ना? मुबारक हो. ऐसे टाइम पे नाम इधर-उधर न आए तो अच्छा."

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. खरंच आपुलकीनं बोलले.

समिती बसली. अध्यक्ष बाहेरचे एक प्राध्यापक, एक महिला सदस्य आणि मी. नेत्रा समोर बसली. फाइल नीट लावून आणली होती. कोणत्या दिवशी यंत्र मागितलं, कुणाला दिलं, सगळं तारखेनिशी. अध्यक्षांनी नियमाप्रमाणे आधी विचारलं, "इन मेंबर्स में से किसी को पर्सनली जानती हैं? कोई ऑब्जेक्शन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती काका म्हणाली असती तर तिथंच सगळं संपलं असतं. कदाचित समिती रद्द झाली असती, नवी बसली असती, तिला न्याय मिळाला असता.

ती म्हणाली, "नहीं सर. मैं इन्हें नहीं जानती."

मला बरं वाटलं. भाऊ, मला खरंच बरं वाटलं.

अध्यक्ष म्हणाले, "आप रोज़ लेट क्यों आती हैं?"

"हल्लोमाजरा से आती हूँ."

"पास में क्यों नहीं रहतीं? शहर में कोई रिश्तेदार नहीं है?"

"नहीं है, सर."

मी लिहून घेतलं. इतिवृत्त मीच लिहायचं होतं. मी लिहिलं, 'उशिराचे समाधानकारक कारण विद्यार्थिनी देऊ शकली नाही.'

स्वानंदी साक्षीला आली होती. हर्षवर्धन काय बोलायचे ते तिनं शब्दाला शब्द सांगितलं. ते मी 'साक्षीदार ही तक्रारदाराची मैत्रीण आहे' एवढ्यात संपवलं. महिला सदस्यांना ते खटकलं. त्या म्हणाल्या, "इसमें तो कुछ है, रिसोडकर जी." मी म्हणालो, "मॅडम, मी स्वतः त्या समाजाचा आहे. मला इथं कधी काही अनुभव आला नाही."

आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत मी ते बोललो, आणि ते यासाठी बोललो. त्यानंतर बाईंनी काही विचारलं नाही. आधी मी सही केली, मग त्यांनी.

शुक्रवारी स्वानंदी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ती दुपारच्या दिल्लीच्या बसनं जातेय. दिल्लीहून अकोल्याची गाडी. तुम्हाला सांगावंसं वाटलं. तिनं मला सगळं सांगितलंय." एवढं बोलून ती गेली. मी रजा टाकून निघालो.

नेत्रा फलाटावरच्या बाकावर बसली होती. दोन पिशव्या, एक पेटी. फार वाळलीय, भाऊ. मला पाहून उठली नाही. "काका, तुमी काहून आले?" म्हणाली. दोन वर्षांत माझ्याशी एकदाही ती वऱ्हाडीत बोलली नव्हती.

मी पाकीट पुढे केलं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी तू ओळख दाखवली नाहीस. मला वाचवलंस."

"तुमाले नाही वाचवलं," ती म्हणाली. "मले वाटलं, मी ओळख नाही सांगितली तर तुमाले भीती राहणार नाही. मग तुमी खरं लिहाल. मले वाटलं, आतून तरी आपलं एक माणूस हाय."

बस लागली. पेटी उचलायला मी पुढे झालो, तिनं ती स्वतः उचलली. मग थांबून म्हणाली, "एक काम करा. बाबाले पत्र लिहा. त्याइचं जानेवारीत पत्र आलं होतं, 'तू खंडाऱ्याचं नाव घालवलं' म्हणून. मी फोनवर किती सांगितलं, त्याइले पटत नाही. ते म्हणतात, विनायक एवढा मोठा साहेब, तो कायले खोटं लिहील? मी नापास होऊन आली नाही, एवढंच लिहा. माझं पटत नाही, तुमचं पटेल. मी एससी आयोगाकडे अर्ज करणार हाय. बाबा संगं आले तर करीन. घरातच कोणी विश्वास नाही ठेवला, तर कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "लिहितो."

"आजच लिहा," ती म्हणाली. आणि बसमध्ये चढली. खिडकीची जागा असूनही तिनं बाहेर पाहिलं नाही.

म्हणून हे लिहिलं. भाऊ, नेत्रा नापास झालेली नाही. तिच्याइतकं तयार मूल त्या तुकडीत दुसरं नव्हतं. तिला मी घरात घेतलं असतं तर ती रोज पावणेनऊला पोचली असती. तिच्याबरोबर आयोगाकडे जा. हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव. ही माझ्याच हातची अक्षरं आहेत आणि खाली माझं खरं नाव आहे.

विनायक सखाराम खंडारे

(पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. सोमवारी मोठ्या पोस्टापर्यंत गेलो. टाकलं नाही. आज स्वरालीची बोलणी पक्की झाली. फाडून टाकतो. २६ जून.)


२९ जून २०२५

ती. भाऊस सप्रेम नमस्कार.

मे महिन्यानंतर पत्र लिहिणं झालं नाही, कामाची गडबड होती. नेत्रा एव्हाना घरी पोचली असेल. बसवर बसवायला मी स्वतः गेलो होतो. प्रवासासाठी पैसे देत होतो, घेतले नाहीत. मानी आहे.

ती घरी वेगवेगळं सांगेल. तिचा रागही मी समजू शकतो. पण तू मला लहानपणापासून ओळखतोस. तिचं मन अभ्यासात लागलं नाही, एवढीच गोष्ट आहे. हुशार आहे, पण चिकाटी नाही. अपयश आलं की माणूस कारण बाहेर शोधतो. आता आयोगाकडे अर्ज करायचं तिच्या डोक्यात आहे. तसं करू देऊ नकोस. चौकशी एकदा झाली आहे, आणि नियमाप्रमाणे समितीत आपल्या समाजाचा एक वरिष्ठ अधिकारीही होता. त्यानंही सही केली. त्याहून जास्त काय हवं? उगाच तिचं नाव पेपरात येईल, लग्नाला अडचण होईल.

वाशीमला एखाद्या शाळेत चिकटली तर बरं. बी.एड.चा खर्च मी उचलतो. चांगलं स्थळ आलं तर थांबू नकोस.

स्वरालीचं नोव्हेंबरात ठरलं. अगदी घरगुती करणार आहोत, त्यामुळे कुणालाच बोलावत नाही. गैरसमज नसावा.

आणखी एक महत्त्वाचं. प्रवेशाच्या वेळी तिनं जमा केलेली मूळ प्रमाणपत्रं, जातीच्या दाखल्यासकट, संस्थेनं रजिस्टर्ड पोस्टानं तुझ्या नावावर पाठवली आहेत. पाठवायची सही मीच केली. आली की तू सही करून घे आणि कपाटात कुलपात ठेव. तिच्या हाती देऊ नकोस. विचारलं तर अजून आली नाहीत म्हण. मुदत निघून गेली की अर्जाचा विषय आपोआप मिटेल. पोरीची जात आहे, चार दिवस रडेल, मग गप्प बसेल.

वहिनींना नमस्कार.

तुझा
विनायक